सतरा नंबरचं तोंड

८ फेब्रुवारी १९८२

आज बेकरीत फोन बसला. काळा, जडशीळ, बाजूला हँडल. हँडल गरागरा फिरवलं की पौडच्या एक्स्चेंजमधून बाई बोलते, तिला नंबर सांगायचा, ती जोडून देते. आमचा नंबर सतरा. शेजारचा गेणबा रोज सकाळी माझ्या बाकावर बसून चहात खारी बुडवतो. तो म्हणाला, "म्हंजी सोळा येडे आदी झाले, तुमी सतरावे." म्हटलं, हसून घे. पिरंगुटच्या दोन कारखान्यांच्या कँटीनला पाव द्यायचं ठरलंय. किती लाद्या हव्यात ते रोज विचारायला फोन लागणारच.

बायको, शाहजादी, असती तर तिनं आधी फोन फडक्यानं पुसला असता. तिला जाऊन वर्ष होत आलं. दिवसभराचं तिला सांगायची सवय होती, आता ऐकायला कुणी नाही, म्हणून ही वही. सिराज पोरगा गुणाचा आहे, पण बोलत नाही. लहानपणी भट्टीचं दार उघडताना जाळ अंगावर आला आणि डावा गाल भाजला. तेव्हापासून तो मागे भट्टीपाशी आणि मी पुढे गल्ल्यावर. त्याच्यासाठी तीन ठिकाणी मुली पाहिल्या. तिन्ही ठिकाणी पोहे छान होते, उत्तर एकाही घरातून आलं नाही. आता सत्ताविसावं चालू आहे त्याला. मी आहे तोवर त्याचं घर मांडून द्यावं, एवढंच मागणं उरलंय.

१३ फेब्रुवारी

पिरंगुट लागता लागत नाही. तीनदा हँडल फिरवल्यावर मी म्हणालो, "ए बाई, झोपलीस का तिकडं?" पलीकडून फक्त "थांबा, जोडते," आणि लगेच जोडलं. म्हणजे बोलल्याशिवाय कामं होत नाहीत हेच खरं.

नंतर मात्र नवल वाटलं. परक्या बाईला 'ए' म्हणून मी उभ्या जन्मात हाक मारलेली नाही. अर्धा पाव मागणारीलासुद्धा मी ताई म्हणतो, मावशी म्हणतो. बाजारात म्हणतात, अलाउद्दीनचाचाचा पाव मऊ आणि चाचा त्याहून मऊ. पण फोनवर समोर कुणी नसतंच. भिंत असते, तिच्यावर कॅलेंडर. कॅलेंडरला काय ताई म्हणायचं?

२ मार्च

आज फार वाईट झालं. एका कारखान्यात सकाळी काम बंद पडलं. कँटीनवाल्यानं निरोप द्यायचा प्रयत्न केला म्हणे, पण लाइन नादुरुस्त होती. आमचा टेम्पो भरून गेला आणि तसाच भरून परत आला. उरलेले पाव शेवटी गेणबाच्या म्हशींनी खाल्ले.

लाइन सुरू झाल्यावर मी त्या एक्स्चेंजवालीला सोडलं नाही. काय काय बोललो ते इथं लिहिवत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिच्या आईबापांपर्यंत पोचलो. ती म्हणाली, "खांब पडला होता, साहेब." मी म्हणालो, "खांब पडला तशी तू पण पड कुठंतरी." ठेवला फोन आणि खरं सांगतो, बरं वाटलं. ढेकर दिल्यावर वाटतं तसं.

बाकावर गेणबा होता. "कुनाला वरडताय येवढं?"

"एक्स्चेंजवालीला."

"वळखीची हाय व्हय?"

"ओळखीची असती तर ओरडलो असतो का?"

तो नुसता मान हलवत राहिला. त्याच्याकडे फोन नाही, त्याला काय कळणार.

१२ मार्च

शुक्रवार. नमाजहून परतलो तर गल्ल्यावर सिराज. मी नसताना फोन वाजला म्हणून पुढे आला असणार. रिसिव्हर त्यानं डाव्या, भाजलेल्या गालाला लावला होता आणि तो हसत होता! माझा मुलगा हसतो हे मी विसरूनच गेलो होतो. "नाही हो, नानकटाई पण आम्हीच करतो. खरंच. आलात की देतो," असं काहीतरी चाललं होतं. मला पाहिल्यावर त्यानं घाईनं ठेवला.

कँटीनचा मॅनेजर असेल म्हटलं. विचारलं तर "कँटीनचंच होतं" म्हणाला आणि मागे गेला. मी ठरवलं, आता दुपारचे कॉल त्यानंच करायचे. फोनवर त्याचा गाल कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याला बोलता येतं. चांगली सोय झाली ही.

२० मार्च

एक गोष्ट ध्यानात आली आहे. मी हँडल फिरवलं की एक्स्चेंजला दहा कामं असतात. सिराजनं फिरवलं की पिरंगुट हात जोडून उभं. आज मी तिला तोंडावरच विचारलं, म्हणजे फोनवरच, की सतरा नंबरला तू माणसं बघून लाइन देतेस काय? ती म्हणाली, "दुपारी लाइन मोकळी असते, साहेब." लबाड आहे.

संध्याकाळी सिराज मैदा मळता मळता म्हणाला, "अब्बा, तिला तसं नका बोलत जाऊ."

"तुला काय पडलंय तिचं?"

"माणूस हाय ना ती पण."

मग त्याचं तोंड बंद, ते रात्रीपर्यंत. एवढ्याशा गोष्टीवरून बापाशी अबोला. आईवर गेलाय, दुसरं काय.

४ एप्रिल

आज मोठी गोष्ट घडली. पौडचे नसीरभाई कंपाउंडर स्वतःहून बेकरीत आले. लग्नकार्यात भेटतो आम्ही, तेवढीच ओळख. चहा झाला, खारी झाली, आणि मग म्हणाले, "आमची मुनीरा लग्नाची आहे. सिराजला दाखवावी म्हणतो." मुलीकडचे आपल्या पायांनी चालत आले! मी आधी गालाचं सांगून टाकलं, मागून बोलणं नको. ते म्हणाले, "तिला माहीत आहे." म्हटलं, मुलगी काय करते? तर "पोस्टात आहे." सरकारी नोकरीतली पोरगी. तिनं सिराजला कुठं पाहिलं असेल? एस.टी. स्टँडवर असेल बहुतेक.

सिराजला सांगितलं तर तो लालेलाल झाला, चांगला गालसुद्धा भाजल्यासारखा. शाहजादी, ऐकतेस का?

११ एप्रिल

पौडला जाऊन मुलगी पाहून आलो. उंच, सावळी, डोळे मोठे. चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा रीत म्हणून तरी खाली बघेल, तर ती सारखी माझ्याकडेच बघत होती. सिराजकडे एकदाच पाहिलं असेल, ओळखीचं पाहावं तसं. माझ्याकडे मात्र टक लावून. जरा धीट वाटली, पण नोकरी करणाऱ्या मुली असतात तशा.

मी आपला बोलत होतो. बेटी म्हणालो, आमच्या घरात बाईमाणूस नाही, तूच मालकीण, तुला कुणी उणा शब्द बोलणार नाही. तिचा चहा बशीत सांडला. मग तिनं एकच विचारलं. "चाचा, तुम्हाला राग येतो का कधी?"

मी म्हणालो, "मला? बाजारात कुणालाबी इचार, बेटी. माझा आवाज चढलेला कुणी ऐकलाय का ते."

सगळे हसले. सिराज हसला नाही. ती ट्रे उचलून आत गेली ती परत बाहेर आली नाही. लाजली असेल.

१८ एप्रिल

आठवडा झाला, नसीरभाईंचं उत्तर नाही. चौथ्या घराचेही पोहेच छान होते म्हणायचं का? जीव थाऱ्यावर नाही. सिराज जेवत नाही. दोनदा पाव करपले, त्याच्या हातून हे कधी होत नाही.

अशात सकाळी पिरंगुट लागेना. एक्स्चेंजवाली म्हणाली, "जंक्शन बिझी आहे, साहेब." माझं टाळकं फिरलं. आठवडाभराचं सगळं तिच्यावर काढलं. नोकरी घालवतो म्हणालो. आणि शेवटी म्हणालो, "कुठल्या घरात वाढलीस गं? तुझ्यासारखीला सून करून घेणाऱ्याचं घर बुडेल."

पलीकडून फक्त "थांबा, जोडते." आवाज जरा बसल्यासारखा होता. तिला सर्दी झाली असावी.

मागे वळलो तर भट्टीच्या दारात सिराज उभा. हातात पाव काढायची लांब दांड्याची फळी तशीच. मी विचारलं, काय? तो परसात निघून गेला आणि भट्टीतली आख्खी खेप जळाली.

२२ एप्रिल

नसीरभाई आले. बाकावर न बसता उभ्यानंच बोलले. "सिराजला नकार नाही. मुलीला तो पसंत आहे. पण घरात यायला ती तयार नाही. कारण सांगायला मला जड जातं, भाईजान. तुम्हीच तिच्याशी बोला. दिवसभर ती ड्युटीवर असते एक्स्चेंजला."

मी म्हणालो, "एक्स्चेंजला कशाला? ती तर पोस्टात हाय ना?"

"पोस्टातच की. पोस्ट आणि तार, खातं एकच. फोनच्या बोर्डावर बसते ती."

आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. तारवाला, फोनवाला, पत्र वाटणारा, सगळे पोस्टातलेच. मीसुद्धा तसंच म्हणतो. ते गेल्यावर मी तिथंच खाली बसलो. सिराज बाहेर आला. म्हणालो, "तुला ठाऊक होतं?" त्यानं मान हलवली. "मग सांगितलं का न्हाईस?"

"तिचं सांगितलं असतं तर तिला सोडून दुसरीला तुमी तसंच बोलत ऱ्हायला असता. म्हनून मी निस्तं, बोलू नका म्हनलं."

२३ एप्रिल

आज फोन वाजला. मी उचलला नाही.

२६ एप्रिल

पौडला गेलो. नानकटाई बांधून नेली होती, ती हातातच राहिली.

बाहेरच्या लोकांना ट्रंक कॉल लावायला एक्स्चेंजला खिडकी आहे, तिथं उभा राहिलो. आत मुनीरा एकटी. समोर भोकाभोकांची उभी फळी, डोक्याला पट्टा, कानाला ठोकळा. एखाद्या नंबराचं झाकण टक् करून पडायचं, ती त्या भोकात वायर खुपसायची, "नंबर?" म्हणायची. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तेवढ्यात एक झाकण पडलं आणि कानातल्या ठोकळ्यातून कुणाचा तरी आवाज खिडकीपर्यंत आला. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. माणूस कुणी दुसराच, पण सूर माझा होता. ती म्हणत होती, "होय साहेब. थांबा साहेब." कपाळाला आठी नाही, काही नाही. फक्त ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं, आणि तो गप्प झाल्यावर सोडलं. फोनच्या दुसऱ्या टोकाला काय असतं ते मी पहिल्यांदा पाहिलं.

तिनं मला पाहिलं. "बोला चाचा."

"बेटी, मला ठाऊक न्हवतं की बोर्डावर तू हायेस."

"दुसरी कुणी असती तर चाललं असतं?"

टक्. "नंबर?... थांबा, जोडते."

मी म्हणालो, मी तसा माणूस नाही. समोर कुणी असलं की माझ्या तोंडून वावगा शब्द जात नाही, कुणालाही विचार. ती म्हणाली, "ते मी पाहिलं की त्या दिवशी. समोर सगळेच चांगले असतात, चाचा. बाजारात मला बेटी म्हणणारे किती जण इथं काय काय बोलतात, ते मला ठाऊक आहे. मी ते घरी नेत नाही. इथंच ठेवते, वायरीसारखं काढून."

"मग?"

"मग तुमच्या घरात आले की मी काय सारखी तुमच्यासमोर बसणार? मी मोरीत असेन, माहेरी आलेली असेन, दाराआड असेन. तेव्हा तुम्ही माझ्याबद्दल काय बोलाल? सिराजनं मला गालाचं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. समोर नसताना जो खरं सांगतो, त्याच्याशी लग्न करायला मला भीती वाटत नाही. तुमची वाटते."

पुन्हा टक्, पुन्हा "नंबर?" माझ्यामागे एक बाई पोराला घेऊन पुण्याला फोन लावायला उभी होती. मी बाजूला झालो. एस.टी.त बसल्यावर पुडा सुटून नानकटाईचा चुरा झालेला दिसला.

परत येताना विचार करत होतो. समोरच्या माणसाचे डोळे आपली जीभ धरून असतात. आपल्याला वाटतं, आपणच मोठे सज्जन. डोळे बाजूला झाले की कळतं, सज्जनपणा आपला होता की त्या डोळ्यांचा होता.

९ मे

आज पौडच्या मशिदीत सिराजचा निकाह झाला. मुलीची अट एकच, राहायचं पौडला. मी आधी नाही म्हणालो होतो. एकुलता मुलगा, बेकरी इथं, जगात कुणी असं करतं का? सिराज म्हणाला, "अब्बा, भट्टीला रोज पहाटे यीन. पर ऱ्हायला जातो." यापेक्षा जास्त शब्द त्याला लागत नाहीत. मग मीच नसीरभाईंना होकार कळवला, स्वतः जाऊन.

गर्दीत सिराज पहिल्यांदाच मान वर करून उभा होता. मुनीरानं सलाम केला, "चाचा, जेवून जा," म्हणाली. अदबीनं बोलते. मला अजून चाचाच म्हणते, आणि तिला दुसरं काही म्हण असं सांगायचा हक्क माझ्याकडे नाही.

घरी आलो. भांडी एकाच माणसाची आहेत आता. गेणबा न बोलावता येऊन बसला आणि बराच वेळ बसून राहिला.

५ जुलै

रमजान चालू आहे. सिराज पहिल्या गाडीनं येतो, भट्टी लावतो, दुपार झाली की इफ्तारला बायकोजवळ पोचावं म्हणून निघतो. मी खजूर तोंडात टाकून एकटाच रोजा सोडतो. गेले काही दिवस ते फार लागतं मनाला.

आज तो निघून गेल्यावर गेणबा आला. माझा रोजा असला की तो माझ्यासमोर चहा घेत नाही, नुसता बसतो. म्हणाला, "शिराज गेला का?" एवढंच निमित्त.

मी म्हणालो, "गेला. जाणारच. तिनं बांधून ठेवलाय त्याला. नोकरीवाली ना, तिला सासरा कशाला हवा? एका घराची दोन घरं केली त्या पोरीनं. आणि हेरला पण कसा, गालापायी अडलेला पोरगा बघून. दुसरं कोण भेटणार होतं तिला?"

गेणबा म्हणाला, "ती आत्ता हितं असती तर बोलला असता का हे?"

"न्हाई."

"आन् शिराज असता तर?"

तो उठला. "आन् रोजा हाय ना तुमचा?" म्हणाला आणि धोतर झटकून गेला.

तो आमच्यातला नाही, तरी त्याला माहीत आहे. मौलवीसाहेब दर रमजानात सांगतात, पाठीमागे एखाद्याचं वाईट बोलणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब नव्हता आणि मी हे खाऊन बसलो होतो. फोनचाही दोष नव्हता. फोन तिकडे मुकाट्यानं पडला होता, बाकावर माणूस होता, उजेड होता. फक्त ती दोघं समोर नव्हती. मुनीरानं जे होईल म्हणून सांगितलं होतं, तेच झालं. मला माझीच फार लाज वाटली.

पौडला जावं असं वाटलं. पण गेलो असतो तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. तिच्या डोळ्यांसमोर मी पुन्हा गोड झालो असतो, बेटी बेटी करत, आणि आजचं बोलणं पोटातच राहिलं असतं. म्हणून फोनचं हँडल फिरवलं.

"नंबर?"

"सतरा बोलतोय. नंबर नको. मुनीरा, आज मी तुझ्यामागं वाईट बोललो."

मी सांगितलं, गेणबाला जे बोललो ते सगळं, गालाचंसुद्धा, एक शब्द न वगळता. भिंतीकडे बघत सांगितलं. लाइनवर नुसती घरघर.

मग ती म्हणाली, "हे मला समोर येऊन सांगितलं असतंत?"

"न्हाई. समोर जमलं नसतं."

"सिराजला?"

"उद्या सांगतो. त्याला समोर सांगतो."

मागे कुठलंतरी झाकण पडल्याचं ऐकू आलं, टक्, आणि लगेच आणखी एक.

"मग ठेवा आता, अब्बा. दुसऱ्यांचे कॉल आलेत."

मी ठेवला. मगरिबला, रोजा सोडायला, अजून अवकाश आहे. सिराज पहाटे येईल तेव्हा आधी बोलायचं आहे, कामात वेळ जायला नको. मैदा मीच भिजवून ठेवतो.